डावा हात

विनयने पेढ्यांचा पुडा एवढा मोठा आणला होता की तो राखाडी सिंथेसायझरच मागणार, हे रेवतीने दारातच ओळखलं.

"वहिनी, तुम्ही द्याल तो," तो म्हणाला. नजर मात्र राखाडीवरून हलली नाही.

तिच्या नवऱ्याच्या, श्यामकांतच्या खोलीत दोन सिंथेसायझर होते. दोन्ही ऐंशीच्या दशकातले, जपानी, सेकंडहँड घेतलेले. काळा दिसायला देखणा. राखाडी बोजड, दोन्ही अंगांना लाकडी पट्ट्या. पण त्याचा जाड, किंचित थरथरता आवाज ऐकला की गुडगावच्या पबमध्ये आलेले टक्कल पडलेले कंपनी-मॅनेजर ग्लास खाली ठेवून डोळे मिटायचे. विनय आणि श्यामकांतचा बँड जुनी इंग्रजी रॉक गाणी वाजवायचा. श्यामकांत गेल्यानंतरचा पहिला शो शनिवारी होता. एक तुम्ही न्या, एक घरी राहू दे, असं रेवतीनेच फोनवर सांगितलं होतं. कुठला, ते सांगितलं नव्हतं.

विनयबरोबर यशोधन आला होता, श्यामकांतच्या जागी वाजवायला. फरीदाबादेतच वाढलेला. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत उतरायचा आणि दमून परत वर यायचा. रीत म्हणून त्याने आधी काळा वाजवला.

"हा पण बढिया आहे, आंटी."

"ठीक आहे," विनय म्हणाला, मुलगी पसंत नसताना 'कळवतो' म्हणतात त्या सुरात.

मग यशोधनने पेढ्यांचा पुडा राखाडीसमोरच्या स्टुलावर सरकवला आणि उभ्यानेच बटण दाबलं. छोट्या पडद्यावर अक्षरं लुकलुकली.

"सर, बॅटरी लो."

"प्लग तर लावलाय," रेवती म्हणाली.

"ही आतली असते, आंटी. छोटीशी. मशीन बंद असली तरी मेमरी हीच सांभाळते. ही बदलायलाच पाहिजे, नाहीतर ऐन शोमध्ये सगळे आवाज उडतील. करोल बागेत एक जण आहे, तो करून देतो."

"जुनी काढली की?"

"काढली की आतलं सगळं साफ. बिल्कुल कोरा. मग मी माझे आवाज भरीन."

"आत काय आहे?"

यशोधनने खांदे उडवले आणि दुसरं एक बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. कळांवर कुणाचीच बोटं नव्हती. उजव्या हाताचे सूर ऐटीत पुढे निघाले, आणि जिथे डाव्या हाताने यायचं तिथे तो आला नाही. क्षणभराने आला, सगळे निघाल्यावर दाराशी चप्पल शोधत राहिलेल्या माणसासारखा.

"श्याम्या, लेट!" विनय ओरडला.

वर्षानुवर्षं दर रविवारी सरावात ओरडायचा तसाच, चिडून, मान न वळवता. मग त्याने मान वळवली. स्टुलावर पेढ्यांचा पुडा होता.

गाणं चालूच राहिलं. संपलं, आणि आपोआप पहिल्यापासून लागलं. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा डावा हात उशिरा आला. शेवटी यशोधननेच ते थांबवलं.

"अंकलनी आत रेकॉर्ड करून ठेवलंय. मोबाइलवर घेऊन टाकू ना, आंटी. प्रॉब्लेम खतम."

"मोबाइलमध्ये खूप आहे रे तो," रेवती म्हणाली. "तिथे तो वाजवून गेलेला असतो. इथे आत्ता वाजवतोय."

विनय कंपनीत खरेदी खात्यात होता. समोरच्याचं बोलून झालं की लगेच बोलायचं नाही, हे तो तिथे शिकला होता. तो थांबला.

"वहिनी," मग तो हळूच म्हणाला, "ती बॅटरी तशीही जाणारच. आज नाही तर उद्या. तेव्हा हे पुसलं जाणारच ना? त्यापेक्षा आत्ताच बदलली, तर मशीन तरी चार लोकांत वाजेल. श्यामलासुद्धा तेच..."

"जाऊ दे. तिची ती जाऊ दे. आपण काढायची नाही."

"अहो, पण वहिनी..."

"हॉस्पिटलात मशीन काढा म्हणून मी सही केली, विनय. तेव्हाही तुम्ही असंच समजावलं होतंत. पेनही तुमचंच होतं." तिने राखाडीवरचं धुळीचं फडकं उचलून त्याची घडी केली. "दुसऱ्यांदा नाही."

विनयचा हात नकळत खिशाकडे गेला. पेन तिथेच होतं.

दोघांनी काळा पेटीत घातला. निघताना रेवतीने पुडा उघडला, एक पेढा श्यामकांतच्या फोटोपुढे ठेवला, दोघांच्या हातावर एकेक दिला आणि उरलेला पुडा विनयच्या काखेत सारला. काळ्याच्या मानाने पेढे जास्तच झाले होते.

दार लागलं. लिफ्ट आली. यशोधनने पेटीचं पुढचं टोक उचललं, तेवढ्यात दाराआडून गाणं सुरू झालं.

"चलो, सर."

"थांब."

उजव्या हाताचे सूर पुढे निघाले. लिफ्टचं दार मिटायला लागलं. विनयने मध्ये पाय घातला. दार बुटाला आपटून मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा आपटलं.

डावा हात आला. मग विनयने पाय काढला आणि ते आत शिरले.