स्टिअरिंगसमोरचा फोटो

“पप्पा, तुमच्या फोर्कलिफ्टवर माझ्याऐवजी त्या रिंकलचा फोटो का?”

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून मोरबीच्या टाइल्स कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, तिथेच काम करणाऱ्या मम्मीसकट सगळ्यांदेखत मी विचारलं. गाडी सावकाश चालवावी म्हणून तिथले ड्रायव्हर स्टिअरिंगसमोर आपापल्या मुलांचा फोटो लावतात. माझ्या पप्पांसमोर मात्र दोन वेण्यांची रिंकल हसत होती आणि मी नुसती जळत होते!

“वेडाबाई, मी तर वर सीटवर सुरक्षित बसतो,” पप्पा म्हणाले. “तिचे पप्पा मनसुखभाई दिवसभर माझ्या गाडीमागे खोकी रचतात.”

रिंकलच्या जागी चिकटवायला आणलेला माझा फोटो मी दप्तरातून काढला.



“पप्पा, मम्मी, ठरलं! हा रणछोडकाकांच्या फोर्कलिफ्टवर लागणार. त्यांच्या गाडीमागे मम्मी असते ना!”