रिकामी पाकिटं

आल्प्समध्ये सायकल चालवून डॉक्टर शशिकांत जयपूरला परतले, तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद होतं. "काय ते घाट! कागदाचा कपटा दिसेल तर शपथ. आपल्या लोकांना मात्र घाण केल्याशिवाय चैन पडत नाही!"

रविवारी नाहरगडचा घाट चढताना त्यांनी एनर्जी जेलची तीन पाकिटं चोखली आणि तिन्ही झुडपात भिरकावली. मागून येणारी त्यांची ज्युनिअर देवयानी दर वेळी सायकलवरून उतरली. लाळेनं बरबटलेलं पाकीट चिमटीत धरून खिशात कोंबताना तिला शिसारी येत होती.

माथ्यावर पोहोचताच तिनं ती तिन्ही पाकिटं त्यांच्यासमोर धरली.

"शाब्बास, देवयानी!" सर कौतुकानं म्हणाले. "तिकडे मीसुद्धा अशीच खिशात ठेवायचो."