ओळखीची खूण

विलायतेला शिकायला निघालेली राजुल विधवा आईला सोबत नेणार होती. आईच्या पासपोर्टच्या अर्जावर नंदुरबारच्या ऑनररी मॅजिस्ट्रेटची सही लागणार होती, आणि ते होते राजुलचे थोरले काका. “फोटो हिचाच आहे, असं कसं लिहू?” काका हसले. “पंचवीस वर्षं एका घरात राहून भावजयीचं तोंड पाहिलंय कुणी?” थोरल्या दिरासमोर आई घुंगट घेई, बोलतही नसे. आज तिने घुंगट वर केला. कपाळावर खोल व्रण होता. “बघा, जेठजी. पोरीला शाळेत घातलं, तेव्हा तुम्ही तागडीतलं वजन फेकून मारलंत. घुंगटाआड काय झालं, ते तुम्हाला दिसलं नव्हतं.” काकांनी सही केली. राजुलने अर्ज पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. “ओळखीच्या खुणेचा रकाना कोरा आहे, काकासा,” ती शांतपणे म्हणाली. “तुमच्याच हाताने भरा. व्रण कशाचा, तेही लिहा.”