चांगुणाबाईंचा नारळ

नारळी पौर्णिमेला लेकाकडे राहायला आलेल्या हर्णैच्या चांगुणाबाई आखाती किनाऱ्यावर नारळ घेऊन उभ्या होत्या. समोर मुलं पाण्यावर चक्क मांडी घालून बसली होती. काही वर्षांत पाणी इतकं खारं झालं होतं की या समुद्रात आता कुणी बुडत नसे आणि मासाही जगत नसे.

“एवढं मीठ आलं कुठून रे?” त्यांनी लेकाला, हरेश्वरला विचारलं.

मागे गॅसवरचं वीजघर धडधडत होतं. त्या विजेवर समुद्राचं पाणी गोडं करायचं आणि उरलेलं जास्तच खारट पाणी परत समुद्रात सोडायचं, हे हरेश्वरचं रोजचं काम.

“इकडचा दर्या असाच असतो गं आये,” तो म्हणाला.

चांगुणाबाईंनी पाणी चाखलं, थुंकलं आणि मागच्या वीजघराकडे बघितलं. दरवर्षी त्या दर्याकडे मासळी मागत. आज नारळ सोडताना एवढंच पुटपुटल्या, “माझ्या पोराचं चुकलंय. पदरात घे.”