दाराजवळची खुर्ची

“अजून नाही,” असं म्हणत वेंडेल स्टिडम यांनी कागद परत लोरीनच्या हातात ठेवला. हा सलग तिसरा सोमवार.

लोरीन कॉम्ब्सला रडावं की ओरडावं कळेना. दोन वर्षं ती या नशामुक्ती केंद्रात शिकाऊ समुपदेशक म्हणून राबत होती. परवानाधारक समुपदेशकाच्या देखरेखीखाली दोन हजार तास, मग त्याची सही, मग स्वतःचा परवाना. तास केव्हाच भरले होते. शिकाऊ परवान्याची मुदत शुक्रवारी संपत होती. आणि केंटकीच्या या खाणपट्ट्यात सही करू शकणारा माणूस एकच होता, वेंडेल. दुसरा थेट लेक्सिंग्टनला, गाडीने अडीच तासांवर.

“कमी काय पडतंय, ते तरी सांगा.”

“ऐक,” वेंडेल म्हणाले आणि त्यांनी रेकॉर्डर सुरू केला.

दर आठवड्याला हेच चालायचं. पेशंटच्या परवानगीने लोरीन एक बैठक रेकॉर्ड करून आणायची आणि वेंडेल डोळे मिटून ऐकायचे. आजच्या बैठकीत ती एका खाणकामगाराशी बोलत होती. त्याची पाठ, त्याची नातवंडं, त्याचा कुत्रा, सगळ्यांची चौकशी झाली.

“कुत्र्याचं नावसुद्धा विचारलंस,” वेंडेल म्हणाले. “आज गोळी घेतली का, ते तेवढं राहिलं. अवघड प्रश्न विचारायचा, मनात दहापर्यंत मोजायचं आणि तोवर तोंड बंद. कितीदा सांगू?”

पुढे ते आणखी काही बोलणार होते, पण वाक्य अर्ध्यावरच राहिलं. हनुवटी छातीला टेकली. रेकॉर्डर आपला बोलत राहिला.

लोरीनला कळत होतं. महिनाभर कळत होतं. थंडीत वेंडेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी दुखण्यावर अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या होत्या. गुडघा बरा झाला, गोळ्या काही सुटल्या नाहीत. अंधाऱ्या खोलीतही टाचणीच्या टोकाएवढ्या राहणाऱ्या डोळ्यांच्या बाहुल्या, सारखा खाजवलेला हात, ही अशी मध्येच लागणारी डुलकी. शंभर पेशंटमध्ये तिने हे पाहिलं होतं आणि नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या आरशात. त्या आरशासमोरून तिला ओढून बाहेर काढलं होतं ते याच माणसाने.

सव्वीस वर्षं वेंडेलनी नशेला हात लावला नव्हता. सगळा परगणा त्या सव्वीस वर्षांच्या भरवशावर पोरंबाळं त्यांच्या हवाली करायचा. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिला प्रश्न ‘आज गोळी घेतली का’ हाच विचारायचे, अगदी पोस्टमनलासुद्धा सवयीने विचारून बसायचे. त्यांना कोण विचारणार?

आणि विचारलं, तर? मग ते परवाने देणाऱ्या मंडळाला कळवणं आलं. त्यांचा परवाना जाणार, तिचे या वर्षीचे तास रद्द होणार, केंद्राला कुलूप लागणार. अकरा पेशंट रस्त्यावर येणार. आधी सही, मग बोलू, असं लोरीन रोज गाडीत ठरवायची. एकदा सही घेतली की बोलायला तोंड उरणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. आपला जीव कुणीतरी डब्यात घालून वर झाकण लावलंय, असं तिला वाटे.

खोलीही तशीच होती. पूर्वी इथे चपलांचं दुकान होतं, त्याचं हे कोठार. खिडकी नाही, एक दार, दोन खुर्च्या. दाराजवळची खुर्ची समुपदेशकाची, हे वेंडेलनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पेशंट बिथरला, तर आपण आत कोंडले जाऊ नये. देखरेखीच्या तासालाही ते त्याच खुर्चीत बसायचे आणि लोरीन आतल्या. हल्ली मात्र ते लंगडत आतल्या खुर्चीकडे जात. तिथे भिंतीला पाय टेकवता येतो म्हणाले. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाशी खुर्चीवरून कोण वाद घालणार? दार हाताशी असूनही लोरीनला बाहेरची वाट दिसत नव्हती.

रेकॉर्डर खट्ट करून थांबला. वेंडेल दचकून जागे झाले. त्यांनी हात पुढे केला.

“आण तो कागद. किती छळायचं तुला? करतो सही.”

दुकान बंद करताना माणूस बोलतो तसा त्यांचा आवाज होता. लोरीनने कागद पुढे केला. पेन काढलं, टोपण काढलं. दोन वर्षं आणि ती सही यांच्यात आता वीतभर अंतर होतं. पेनासाठी पुढे आलेल्या वेंडेलच्या हातावर खाजवल्याचे लाल ओरखडे होते.

तिने टोपण परत लावलं.

“वेंडेल, आज गोळी घेतली का?”

एक. दोन. तीन. ते भिंतीकडे बघायला लागले. पाच. तिला वाटलं, हसून म्हणावं, जाऊ दे, गंमत केली. सात. परवाना गेला, ती मनात म्हणाली. आठ. नऊ.

“सकाळी सातला,” वेंडेल म्हणाले. “तीन. तू यायच्या आधी आणखी एक.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. लोरीनही रडत होती. तिला त्यांचा रागही आला होता, थोडाथोडका नाही.

“मग पहिल्याच सोमवारी सही करून मोकळे का झाला नाहीत? तुम्हीही सुटला असता, मीही.”

“सही घेऊन तू गेली असतीस. मग मला विचारायला कोण आलं असतं?” त्यांनी खुर्चीच्या हातावरून हळूच तळवा फिरवला. “तीन आठवडे पेशंटच्या खुर्चीत येऊन बसतोय, पोरी. आणखी काय करायला हवं होतं मी?”