हवेशीर खोली

वेणीमाधव बँकेतून निवृत्त झाले आणि दिवसभर बायकोच्या, लीलाच्या मागेमागे फिरू लागले. ती गच्चीवर गेली की गच्चीवर, स्वयंपाकघरात गेली की तिथे. "अगं, कुठे आहेस?" हे तर सारखंच. शेवटी तिने दूधविनायक मोहल्ल्यातल्या घराची खालची, स्कूटर ठेवायची खोली मागून घेतली आणि माहेरी वडिलांकडून शिकलेलं सुतारकाम पुन्हा सुरू केलं. दार लावून फळीवर रंधा फिरवताना तिला किती दिवसांनी मोकळा श्वास घेता येऊ लागला.

वेणीमाधवांनी अजिबात कुरकुर केली नाही. उलट तिच्यासाठी एकेक सोय करून दिली. आधी पंखा आला, मग भुशाची धूळ बाहेर टाकणारा एक्झॉस्ट, मग गल्लीच्या बाजूला एक छोटी खिडकी. लीलाला भरून आलं. यांना आपलं मन कळलं एकदाचं, असं तिने बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा.

पाडव्याला सकाळी ते आरामखुर्ची उचलून धापा टाकत खाली आले. खिडकीशी ती नीट मांडली, उशी ठेवली आणि ऐसपैस बसले.

"आता इथे धूळ नाही की उकाडा नाही. वर एकट्याचं मन लागत नाही गं. तू तुझं काम कर, मी रोज इथेच बसेन."

त्यांचे डोळे पाणावले होते.

"बसा ना," लीला म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं, एकटीने दार लावून बसायला घरात आता दुसरी खोलीच उरलेली नाही.