मीठताप

डॉक्टरांनी हात टेकल्यापासून राग्नफ्रिड पलंगावरूनच मित्रांना फाशांवरचा गोष्टीचा खेळ खेळवायची; गोष्ट ती रचायची आणि मित्र फासे टाकून त्यातली पात्रं खेळायचे. या वेळी तिने मीठताप नावाचा रोग रचला होता. गोष्टीतल्या गावातली विणकरीण त्या तापाने बोटांपासून हळूहळू मीठ होत चालली होती. चौघे मित्र फासे टाकत औषधासाठी डोंगर चढले, ड्रॅगनशी लढले, चेटकिणीच्या पाया पडले. तीन रविवार असेच गेले.

शेवटी चौघांतला तोर्गेर वैतागला. "खरं सांग, औषध ठेवलंयस तरी का?"

"नाही."

"मग आम्हाला एवढं पळवलंस कशाला?"

"मी कुठं पळवलं? ती बिचारी वाट बघत पडलीय. तुमच्यातला एकही तिच्याजवळ जाऊन बसला नाही."

तोर्गेरने फासे खाली ठेवले आणि पहिल्यांदाच राग्नफ्रिडला विचारलं, "फार दुखतं का गं?"